समुद्र सर्वांचा, पण तिथवर जाणारी वाट कोणाची?

‘गंगेवर जाऊन येतो’ असे सांगून घराबाहेर पडणाऱ्या नाशिककराला ‘कोणाच्या परवानगीने?’ असे कोणी विचारत नाही. गोदावरीला आपण गंगाच म्हणतो, आणि रामकुंडापासून गांधी तलावापर्यंत कुठेही पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालायला तिकीट लागत नाही की ओळखपत्र. रामकुंड १६९६ मध्ये चित्रराव खटावकरांनी बांधले असे सांगतात. पण आज ते कोणत्या खात्याच्या ताब्यात आहे, पायऱ्यांची मालकी कागदोपत्री कोणाची आहे, हे प्रश्न स्नानाला आलेल्या माणसाला पडत नाहीत. पाणी आहे, पायऱ्या आहेत, तेव्हा उतरायचे, इतके ते आपल्या अंगवळणी पडलेले आहे.

म्हणूनच गेल्या हिवाळ्यात डहाणूच्या बाजूला जे घडले, त्याने मी गोंधळून गेले. नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड असा घाट उतरत आम्ही समुद्रावर गेलो होतो. सोबत सत्तरी ओलांडलेली आई होती. चिकूच्या वाड्या संपल्या, सुरूची झाडे दिसू लागली, लाटांचा आवाजही येऊ लागला आणि समोर एका रिसॉर्टचे फाटक आले. फाटकाला साखळी होती आणि पहारेकरी अगदी नम्रपणे म्हणाला, “ताई, पुढे प्रायव्हेट बीच आहे. गेस्ट असल्याशिवाय सोडता येत नाही.” आईने त्याला विचारले, “दादा, समुद्राला मालक कधीपासून झाला रे?” त्याच्याकडे उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्या वेळी माझ्याकडेही नव्हते. परत आल्यावर मी ते शोधायला बसले, तेव्हा लक्षात आले की आईच्या त्या एका वाक्यात तीन वेगवेगळे प्रश्न दडलेले आहेत. वाळू कोणाची, समुद्रात डुंबणे हा हक्क आहे की निव्वळ सवलत, आणि पाण्यापर्यंत पोहोचवणारी वाट कोणाची. या तीन प्रश्नांना जगाने वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत, आणि ती एकमेकांत मिसळली की फाटकावरचा पहारेकरी जिंकतो.

वाळूपासून सुरुवात करू. ज्याला आपण सरसकट किनारा म्हणतो, त्याचे कायद्याच्या दृष्टीने दोन भाग पडतात. भरतीचे पाणी जिथवर चढते आणि ओहोटीला जिथवर उतरते, त्या दोन रेषांमधली ओली पट्टी हा एक भाग. आणि भरतीच्या रेषेच्या वर असलेली, एरवी कोरडीच राहणारी पुळण हा दुसरा. पहिली पट्टी दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते. भरतीची रेषाही रोज एकाच जागी नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एकत्र येते, उधाणाची भरती होते आणि पाणी नेहमीपेक्षा बरेच वर चढते. अष्टमीच्या सुमारास ते तितके चढत नाही. म्हणजे किनाऱ्याची हद्द आखायची तर आधी कोणत्या दिवशीची भरती धरायची ते ठरवावे लागते, आणि इथूनच देशादेशांचे कायदे वेगळे होऊ लागतात.

रोमन सम्राट जस्टिनियन याच्या काळात, इसवी सन ५३३ मध्ये, कायद्याचे जे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले त्यात हवा, वाहते पाणी, समुद्र आणि त्यामुळेच समुद्राचा किनाराही निसर्गतः सर्वांच्या मालकीचा आहे असे म्हटले होते. हिवाळ्यातली सर्वांत मोठी लाट जिथवर पोहोचते तिथवर किनारा, अशी त्याची व्याख्या होती. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या राजवटीत १६८१ मध्ये जो सागरी कायदा झाला, त्याने मार्चमधल्या मोठ्या भरतीचे पाणी जिथवर येते तो सारा भाग किनारा मानला. इंग्लंडने वेगळा रस्ता धरला. तिथे ओली पट्टी मुळात राजाच्या मालकीची, आणि राजाने ती एखाद्या जमीनदाराला दिली असेल तर त्या जमीनदाराची. लोकांना तिथे नाव चालवण्याचा आणि मासे धरण्याचा हक्क होता. आंघोळीचे काय, हा प्रश्न शतकानुशतके कोणी विचारलाच नाही, कारण समुद्रात आंघोळ करायला कोणी फारसे जातच नव्हते.

आज नवल वाटेल, पण युरोपात समुद्रस्नानाची सुरुवात मौजेतून झाली नाही. ती औषधाच्या बाटलीतून झाली. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या स्कारबरो गावात १६२६ मध्ये थॉमसिन फॅरर नावाच्या बाईंना कड्याच्या पायथ्याशी खनिज पाण्याचा झरा सापडला आणि ते पाणी प्यायला आजारी माणसे येऊ लागली. पुढे त्याच शतकात रॉबर्ट विटी या डॉक्टरांनी झऱ्याबरोबर समुद्राच्या पाण्याचेही गुण गायला सुरुवात केली. १७५० मध्ये रिचर्ड रसेल या वैद्याने ग्रंथींच्या विकारांवर समुद्राच्या पाण्याचा उपाय सांगणारा लॅटिन प्रबंध लिहिला, आणि ब्रायटन या मच्छीमारांच्या गावाचे नशीब पालटले. रसेल रुग्णांना समुद्रात बुडवत तर असतच, शिवाय ते पाणी प्यायलाही लावत. औषध म्हटले की पथ्य आलेच. पहाटेच्या वेळी, गार पाण्यात, ठरावीक वेळा बुड्या घ्यायच्या आणि बाहेर यायचे.

या औषधी स्नानासाठी जे साधन तयार झाले ते मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत बोलके वाटते. चार चाकांवर उभी केलेली एक छोटी लाकडी खोली, पुढे घोडा, मागे पायऱ्या. बाई किंवा गृहस्थ वाळूवरच आत शिरून दार लावून घेत, घोडा ती खोली कमरेइतक्या पाण्यापर्यंत ओढत नेई, आत कपडे बदलून झाले की समुद्राच्या बाजूचे दार उघडे आणि माणूस पायऱ्या उतरून थेट पाण्यात जाई. मार्गेट गावच्या बेंजामिन बील यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर या गाडीच्या मागे कॅनव्हासचे एक झाकण बसवले. ते पाण्यापर्यंत खाली सोडले की आत न्हाणारी व्यक्ती किनाऱ्यावरून कोणालाही दिसत नसे. पाण्यात धीर देऊन बुडी मारायला लावणाऱ्या बायका असत. ब्रायटनची मार्था गन ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. १८१५ मध्ये ती वारली तेव्हा सारे गाव तिला ओळखत होते. १७८९ मध्ये राजा तिसरा जॉर्ज वेमथला समुद्रात उतरला, तेव्हा शेजारच्या गाडीत बसलेल्या वादकांनी राजगीत सुरू केल्याची नोंद आहे.

आपल्याकडे समुद्रस्नानाची रीत निराळी होती. परंपरेत समुद्र हा वंदनीय, रोज जाऊन डुंबण्याची जागा नव्हे. पर्वकाळी, अमावास्येला किंवा ग्रहणात त्यात स्नान करावे असा संकेत होता. कोळी बांधवांचे समुद्राशी नाते कामाचे आणि भक्तीचे. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होडी पाण्यात लोटायची आणि एरवी किनाऱ्यावर जाळी विणायची, बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घालायचे. सुट्टीच्या दिवशी वाळूत बसायला जाणे ही आपल्याकडे फार उशिरा आलेली गोष्ट आहे. किनाऱ्यावरचा पहिला हक्क कोणाचा याचा विचार करताना ही कामाची वहिवाट विसरता येत नाही, कारण रिसॉर्टची भिंत उठली की पर्यटकाची एक सहल बिघडते आणि कोळ्याची होडी ओढायची जागा कायमची जाते.

पुन्हा इंग्लंडकडे येऊ, कारण आंघोळीच्या हक्काचा प्रश्न न्यायालयात पहिल्यांदा ठळकपणे तिथेच उभा राहिला, आणि तो उभा राहिला या चाकांच्या गाड्यांमुळेच. लिव्हरपूलजवळच्या ग्रेट क्रॉसबी गावात ब्लंडेल नावाचे जमीनदार होते. भरती-ओहोटीमधल्या पट्टीची मालकी त्यांच्याकडे होती आणि तिथे ते खुंट रोवून, जाळी लावून मासेमारी करत. किनाऱ्यावर एक हॉटेल निघाले आणि त्या हॉटेलचा नोकर कॅटरॉल पैसे घेऊन पाहुण्यांना स्नानगाड्यांतून समुद्रात नेऊ लागला. ब्लंडेल यांनी जमिनीत अतिक्रमण केल्याचा दावा लावला. १८२१ मध्ये चार न्यायमूर्तींपुढे निकाल झाला. तिघांनी सांगितले की समुद्रात स्नान करण्यासाठी दुसऱ्याच्या मालकीच्या किनाऱ्यावरून जाण्याचा सर्वसाधारण हक्क इंग्लंडच्या कायद्यात नाही, आणि जस्टिनियनचे वचन हा इंग्लंडचा कायदा नाही. चौथे न्यायमूर्ती बेस्ट यांनी विरोधी मत दिले. समुद्रस्नान आरोग्यासाठी गरजेचे आहे आणि समुद्रापर्यंत मोकळेपणाने जाता येणे हे हमरस्त्याइतकेच महत्त्वाचे आहे, असा त्यांचा आशय होता. मला बेस्ट यांचे म्हणणे पटते. पण कायदा बहुमताच्या बाजूने गेला आणि तिथे अजूनही तो उलटलेला नाही. २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे न्यूहेवन बंदरातल्या एका छोट्या पुळणीचा वाद आला, तेव्हाही न्यायालयाने लोक तिथे परवानगीने येत होते असे मानून निकाल दिला आणि समुद्रस्नानाचा सर्वसाधारण हक्क आहे की नाही हा मूळ प्रश्न खुलाच ठेवला.

मग दोनशे वर्षे इंग्लंडमधली लाखो माणसे समुद्रावर गेली ती कोणत्या आधारावर? बहुतांश ठिकाणी मालकाने हरकत घेतली नाही म्हणून, आणि पुढे पुष्कळ गावांच्या नगरपालिकांनी किनारा विकत किंवा भाड्याने घेतला म्हणून. दोन्हींत मोठा फरक आहे. हरकत नसणे म्हणजे हक्क असणे नव्हे. ज्याला हरकत नव्हती तो उद्या घेऊ शकतो. ज्याचा हक्क आहे त्याला कोणाच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही. डहाणूच्या बाजूचा तो फाटकाचा रस्ता कदाचित वर्षानुवर्षे गावकरी वापरत असतील, पण तो मर्जीने वापरत होते की हक्काने, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

दरम्यान रेल्वे आली. १८४१ मध्ये लंडन ते ब्रायटन लोहमार्ग सुरू झाला आणि ज्या गावात आधी राजपुत्र व उमराव येत तिथे कारकून आणि कामगार एका दिवसासाठी येऊ लागले. लँकेशायरच्या कापड गिरण्या वर्षातून एक आठवडा एकाच वेळी बंद राहत आणि गावेच्या गावे ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर लोटत. १८७१ च्या कायद्याने बँकांना ठरावीक दिवशी सुट्ट्या मिळाल्या आणि हळूहळू त्या सर्वांच्याच सुट्ट्या झाल्या. १९३८ मध्ये पगारी रजेचा कायदा आला. गर्दी वाढली तसे नियम आले. १८४७ च्या एका कायद्याने गावांना स्नानगाड्या कुठे उभ्या करायच्या आणि स्त्री-पुरुषांनी कुठे वेगवेगळे न्हायचे हे ठरवण्याचा अधिकार दिला. स्त्री-पुरुषांनी एकत्र समुद्रात उतरण्याला उघड मान्यता मिळायला विसावे शतक उजाडावे लागले.

अमेरिकेत हा प्रश्न वेगळ्या वाटेने गेला, आणि त्यातले ओरेगॉन राज्याचे उदाहरण मराठी वाचकाला चटकन समजेल, कारण ते सारे ‘वहिवाट’ या आपल्या शब्दाभोवती फिरते. १९१३ मध्ये तिथले गव्हर्नर ऑस्वल्ड वेस्ट यांनी ओली पट्टी हा सार्वजनिक रस्ता आहे असे जाहीर करून घेतले; त्या काळी लोक खरोखरच वाळूवरून घोडागाड्या नेत. वरच्या कोरड्या वाळूचे मात्र काही ठरले नव्हते. १९६६ मध्ये कॅनन बीच गावातल्या एका मोटेलच्या मालकाने आपल्या समोरची कोरडी वाळू कुंपण घालून फक्त पाहुण्यांसाठी राखली. लोक चिडले, १९६७ मध्ये राज्याने कायदा केला आणि १९६९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या किनाऱ्याचा निकाल लोकांच्या बाजूने दिला. न्यायालयाने आधार घेतला तो रूढीचा. मूळ रहिवासी आणि नंतर आलेले वसाहतकरी, सगळेच कोणाच्या आठवणीपलीकडच्या काळापासून ही वाळू खंड न पडता, शांततेने, कोणाची परवानगी न मागता वापरत आले आहेत, आणि म्हणून त्या वापराचाच हक्क झाला आहे, असे ते म्हणाले. जमिनीचा कागद मालकाकडे राहिला; वहिवाट लोकांची ठरली.

वहिवाटीचे हे शस्त्र दुधारी असते, हे मात्र आपल्या महाराष्ट्राइतके कोणाला ठाऊक नसेल. लेखाच्या सुरुवातीला मी रामकुंडाबद्दल जे लिहिले ते आजच्यापुरते खरे आहे. शंभर वर्षांपूर्वी पाण्यापर्यंतची वाट सगळ्यांसाठी मोकळी नव्हती. मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांनाही खुले करण्याचे ठरले, १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारोंसह त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा सत्याग्रहींवर हल्ला झाला. त्यानंतर न्यायालयात जो दावा चालला त्यात तळे बंद ठेवू पाहणाऱ्यांनी वहिवाटच पुढे केली होती. अस्पृश्यांना इथे येऊ न देण्याची जुनी रूढी आहे आणि ती कायद्याने जपावी, असे त्यांचे म्हणणे होते. दहा वर्षांनी, १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने ते फेटाळले. अशी अनादी काळापासून चालत आलेली रूढी सिद्ध झालेली नाही, असा निर्वाळा मिळाला. ओरेगॉनमध्ये रूढीने कुंपण पाडले आणि महाडमध्ये रूढीच्या नावाने कुंपण घालू पाहत होते. म्हणून ‘पूर्वापार चालत आले आहे’ हे वाक्य ऐकले की काय चालत आले आहे आणि कोणाला वगळून, हे तपासून पाहावे लागते.

समुद्रकिनाऱ्यांवरही माणसांना वगळण्याचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात बिलॉक्सीजवळ सुमारे ४२ किलोमीटर लांबीचा किनारा आहे. त्याची वाळू निसर्गाने टाकलेली नाही. ती सरकारी पैशाने टाकून किनारा तयार केलेला आहे. पैसा सगळ्यांच्या करातला, पण कृष्णवर्णीयांना तिथे मज्जाव होता. गिल्बर्ट मेसन नावाचे तरुण डॉक्टर १४ मे १९५९ रोजी काही मित्र आणि मुले घेऊन त्या पाण्यात उतरले आणि पोलिसांनी त्यांना बाहेर काढले. पुढच्या वर्षी २४ एप्रिलला शंभरावर माणसे त्यांच्याबरोबर उतरली, तेव्हा काठ्या, साखळ्या घेतलेल्या जमावाने त्यांना मारले. न्यायालयाच्या निकालाने तो किनारा खुला व्हायला १९६८ उजाडले. दक्षिण आफ्रिकेत १९५३ च्या एका कायद्याने वंशानुसार वेगळ्या सोयी ठेवायला मुभा दिली आणि दरबानच्या किनाऱ्यावर गोरे, भारतीय, आफ्रिकी यांच्यासाठी वेगवेगळ्या पुळणी आखल्या गेल्या. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला.

आपल्या संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांच्याबरोबर स्नानघाटांचाही स्पष्ट उल्लेख आहे. पूर्णपणे किंवा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेल्या, किंवा सर्वसाधारण जनतेच्या वापरासाठी वाहिलेल्या अशा जागी धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवता येणार नाही. मी हा अनुच्छेद शाळेत पाठ केला होता, पण ‘स्नानघाट’ हा शब्द त्यात का आला असेल याचा विचार कधी केला नव्हता. महाडचे तळे आणि १९३० चा काळाराम मंदिराचा सत्याग्रह डोळ्यांपुढे ठेवून तो वाचला की तो शब्द तिथे असणे किती आवश्यक होते ते कळते. काळारामापासून रामकुंड हाकेच्या अंतरावर आहे.

आता आपल्या किनाऱ्यावर आज कोणता कायदा लागू आहे ते पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या २० व्या कलमानुसार भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा, बंदरांचा आणि खाड्यांचा तळ राज्य शासनाच्या मालकीचा आहे. म्हणजे ओली वाळू कोणा रिसॉर्टची असू शकत नाही, आणि आईच्या प्रश्नाचे पहिले उत्तर तिच्या बाजूनेच आहे. या मालकीचा अर्थ काय, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हिमाचलमधल्या बियास नदीच्या प्रकरणात स्पष्ट केले. समुद्र, नद्या, वने, हवा यांसारख्या गोष्टींचे सरकार हे मालक कमी आणि विश्वस्त अधिक आहे. लोकांच्या वतीने ते त्या सांभाळते आणि त्या खाजगी फायद्यासाठी देऊन टाकण्याचा अधिकार त्याला नाही. देवस्थानाच्या पंचांकडे देवाचे दागिने असतात, तसे हे आहे. ते सांभाळायचे असतात, घरच्या लग्नात मिरवायचे नसतात.

किनाऱ्यालगतच्या जमिनीवर काय बांधता येईल यासाठी वेगळी अधिसूचना आहे. १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा ठेवण्याची सूचना केली होती. त्या पत्रातून पुढे १९ फेब्रुवारी १९९१ ची किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आली. २०११ आणि २०१९ मध्ये ती बदलून नव्याने काढली गेली. उधाणाच्या भरतीचे पाणी सर्वांत वर जिथे पोहोचते ती रेषा हिच्यात पायाभूत मानली आहे. ग्रामीण किनाऱ्यावर या रेषेपासून २०० मीटर बांधकाम नको, असा पूर्वीचा नियम होता. २०१९ मध्ये जिथे २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोक राहतात, अशा ग्रामीण भागात हे अंतर ५० मीटरवर आणले गेले. मला हा बदल योग्य वाटत नाही, कारण दाट वस्तीच्याच गावांना मोकळ्या वाळूची आणि होड्या ओढायच्या जागेची गरज जास्त असते.

या अधिसूचनेच्या परिशिष्टात किनाऱ्यावरच्या हॉटेलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांतली एक अट फारशी कोणाला माहीत नसते. लोकांना किनाऱ्यावर जाता यावे म्हणून दोन हॉटेलांच्या किंवा रिसॉर्टांच्या मध्ये किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा सोडावी लागते. २० मीटर म्हणजे चार-पाच बैलगाड्या शेजारीशेजारी जातील इतकी रुंदी. ‘वाट’ हा विषय कायद्याने विसरलेला नाही, हे पाहून मला बरे वाटले. गोव्यात दोनापावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्यावर नेमका याच वाटेचा तंटा झाला होता. एका हॉटेलसाठी सरकारने जमीन संपादन करून दिली तेव्हा किनाऱ्यावर जाणारी लोकांची वाट मोकळी ठेवण्याची अट घातली होती. पुढे वाटेच्या आड बांधकाम आले. गावचे लोक न्यायालयात गेले आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई उच्च न्यायालयाचा लोकांच्या बाजूचा निकाल कायम ठेवला. विश्वस्ताचे तत्त्व तिथेही लागू झाले. पाणी आणि वाळू सर्वांची असेल, पण तिथवर जाता येत नसेल तर त्या मालकीचा उपयोग काय, हा त्या निकालाचा गाभा आहे.

वाटेला इतके महत्त्व का द्यायचे, हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थाच्या शाही स्नानाच्या दिवशी तीसहून अधिक भाविकांचा जीव गेला तो पाण्यात बुडून नव्हे. सरदार चौकाजवळच्या, रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरीत ते गेले. पाणी सर्वांना खुले होते, वाट पुरेशी नव्हती. २०२७ च्या सिंहस्थाची तयारी सुरू असताना घाट किती लांब बांधले याबरोबरच तिथे उतरायच्या आणि तिथून परतायच्या वाटा किती रुंद केल्या, हा प्रश्नही प्रत्येक बैठकीत विचारला गेला पाहिजे.

किनाऱ्यावर कोणी अडवले तर काय पाहायचे, हेही सांगते. ओल्या वाळूवर कोणी हटकले तर ती शासनाची जागा आहे, इतके सांगणे पुरेसे आहे. कोरडी वाळू आणि तिच्यामागची वाडी खाजगी मालकीची असू शकते. तिच्यातून हवे तसे जाण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, तिथे वाट शोधावी लागते. त्यासाठी गावचा नकाशा पाहावा. त्यावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. ती रेषा समुद्रापर्यंत जात असेल आणि जागेवर तिच्यावर फाटक असेल, तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज करता येतो. रिसॉर्ट परवानगी घेऊन बांधले असेल, तर त्या परवानगीत वाटेची अट आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते.

आम्ही त्या दिवशी यातले काहीच केले नव्हते, कारण काहीच ठाऊक नव्हते. फाटकावरून मागे वळलो, तर डोक्यावर पाटी घेतलेल्या एका बाईंनी हाताने खूण करून सांगितले, “तिकडून या, आमची वाट आहे.” दोन कुंपणांच्या मधे एक बोळ होता. एका बाजूला रिसॉर्टची उंच भिंत, दुसऱ्या बाजूला वाडीचे काटेरी तारेचे कुंपण, मधे पायाखाली शिंपले आणि सुरूची सुकलेली पाने. आई पुढे आणि मी मागे, असेच जाता येत होते. मी पावलांनी मोजले तर रुंदी तीन पावलांची भरली. शेवटी वळण घेतले आणि एकदम समुद्र दिसला. ओहोटी लागलेली होती. आईने चपला हातात घेतल्या आणि ती सरळ पाण्याकडे चालत गेली, रामकुंडाच्या पायऱ्या उतरते तशीच.